ओ द्यायची नसते

ब्लिया श्योंग, असं कुणीतरी वरून म्हणालं आणि ब्लियाच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. चादर ओली, जड, गरम. तिचं एक टोक पलीकडे जाऊबाईंच्या मुठीत आणि दुसरं आता इस्त्रीच्या रुळाकडे मोकळंच सरकत निघालेलं. जाऊबाई ओरडल्या, "अगं धर की! झोपलीस का?" पण ब्लियाला जाऊबाई ऐकू आल्या नाहीत, यंत्रंही ऐकू आली नाहीत. छताजवळच्या करड्या डब्यातून पुन्हा तेच आलं, ब्लिया श्योंग, आणि तिच्या मानेवरचा एकेक केस कोंबडीच्या पिसासारखा उभा राहिला. तो डबा म्हणजे भोंगा आहे हे तिला माहीत होतं, एवढी काही ती येडी नव्हती! थायलंडच्या छावणीतही भोंगा होता, बांबूच्या खांबावर बांधलेला, तांदूळ आले की खरखरायचा. पण तो भोंगा पुरुषांची नावं घ्यायचा. बायकांची नावं घ्यायची त्याला कधी गरजच पडली नाही. आणि तसं पाहिलं तर कुणालाच पडली नव्हती. लग्न झालं त्या दिवशी ती तोंगची बायको झाली, मग पाकू झाल्यावर पाकूची आई. ब्लिया श्योंग हे नाव कागदांवर तेवढं राहिलं; सासरी तिला ब्लिया म्हणून कुणी हाक मारली नाही, मारायची नसतेच, आणि माहेरच्या श्योंगांपैकी जे तिला ब्लिया म्हणायचे ते सगळे मेकाँग नदीच्या पलीकडे राहिले होते, कुणी मातीवर, कुणी मातीखाली. म्हणजे तिला या नावानं हाक मारणारं आता नदीच्या अलीकडे कुणी उरलं नव्हतं. आणि इथं, समुद्रापलीकडच्या या थंड देशात, सेंट पॉल गावातल्या या धुलाईच्या कारखान्यात, जिथं इस्पितळांच्या चादरी येतात, ज्यांच्यावर कोण झोपलं आणि कोण उठलंच नाही ते विचारायचं नसतं, इथं भरदिवसा, वाफेतून, तोंड नसलेलं कुणीतरी तिच्या माहेरच्या नावानं तिला बोलवत होतं.

धुक्यात हाक आली तर ओ द्यायची नसते. हे तिला कुणी शिकवलं होतं हेही आता आठवत नव्हतं. विस्तवात हात घालायचा नसतो हे जसं कुणी शिकवत नाही, तसंच. माणूस असेल तर समोर येईल, चेहरा दाखवेल, मग बोल. चेहरा नाही आणि हाक आहे, तर ती हाक माणसाची नव्हे. ओ दिलीस की तुझा आवाज त्याला कळला, आवाज कळला की तुझा जीव त्याच्या मागं निघाला, मग घरी परत येतं ते नुसतं कातडं. डोंगरावर लाकडं तोडायला गेलेली पोरं एकमेकांना शीळ घालायची, पानांची पिपाणी वाजवायची, पण नावानं कुणी हाक मारायचं नाही. आई तर शेतावरून बोलवायची तेव्हा "अगं ए, शेपटी!" म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं कुत्रीला बोलवतेय. ब्लिया तेव्हा चिडायची. आता कारखान्यात, गरम वाफेत घामानं निथळत, तिला वाटलं, हे भोंग्यावरचं कुणीतरी आपल्याला शेपटी का नाही म्हणत?

तिसऱ्यांदा हाक आली नाही. त्याऐवजी डोरीन आली. डोरीन म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणारी बाई, दाराएवढी रुंद, सोन्याच्या साखळीत अडकवलेला चष्मा छातीवर हिंदकळत. ती ब्लियाच्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं कानाशी टाळी वाजवली. ब्लिया हलली नाही. आधीच दगड झालेलं माणूस टाळीला दचकणार कसं? डोरीननं आणखी एक टाळी वाजवली. मग ती पुढं आली, वाकली, आणि तिनं ब्लियाकडे असं पाहिलं जसं आपण पंख मोडलेल्या पाखराकडे पाहतो. स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग ब्लियाच्या कानाला. ब्लिया हसली. भीती वाटली की हसायचं, एवढं ती या देशात शिकली होती. रुळाच्या पलीकडून जाऊबाई आपल्या भाषेत खदखदल्या, "हस, हस! तिला वाटतंय तू बहिरी आहेस. आता तुला भिकाऱ्याची भांडी देतील आणि चौकात बसवतील."

जाऊबाई नात्यानं जाऊ. त्यांचा नवराही थाओ आणि तोंगही थाओ, म्हणजे कुळानं भाऊ, त्यामुळे या बायका जावा. त्या ब्लियाच्या महिनाभर आधी कामाला लागल्या होत्या आणि कारखाना त्यांच्या बापानं बांधल्यासारख्या वावरत होत्या. "मला नाही बाई असलं काही भ्या वाटत," त्या जेवणाच्या सुट्टीत भाताचा गोळा मिरचीच्या ठेच्यात बुडवत म्हणाल्या. "इथली भुतं इंग्रजी बोलतात. आपल्याला इंग्रजी येत नाही. मग भांडण कशाला?" ब्लिया म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला भोंग्यानं अजून बोलवलं नाही." "बोलवू दे की! ओ देईन. अशी ओ देईन की भोंगा फुटेल." आणि त्या इतक्या जोरात हसल्या की पलीकडच्या बाकावरच्या मेक्सिकन बायकांनीही कशाला हसायचं ते न कळता हसून घेतलं.

दुपारी शाळा सुटल्यावर पाकू नेहमीसारखी कारखान्याच्या मागच्या दाराशी आली. रोज येत असे, कारण ब्लिया एकदा चुकीच्या बसमध्ये चढून अंधार पडेपर्यंत गावभर फिरली होती, आणि तेव्हापासून पाकूनं आईला घरी न्यायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. तेरा वर्षांची पोर, लाल टोपी, गळ्यात पट्ट्याची पिशवी, आणि तोंड म्हणाल तर पोपटाचं. इंग्रजीही तशीच, आपली भाषाही तशीच, मध्ये श्वास घ्यायचा नाही. डोरीन तिला बघून खूश झाली. दोघी दारातच बोलत राहिल्या आणि ब्लिया डोरीनच्या ओठांकडे पाहत राहिली. पाकू वळली. "आई, ती विचारतेय तू बहिरी आहेस का." "सांग, नाही." "सांगितलं. ती म्हणते मग भोंग्याला उत्तर का देत नाही. तुला फक्त हातमोज्यांचं माप विचारायचं होतं." पाकूचा चेहरा जरा उतरला. "आई, ऐक. ती म्हणते, त्या मोठ्या रुळात कुणाचा हात अडकला तर घंटा वाजते आणि सगळ्यांनी मागं व्हायचं असतं. बहिऱ्या माणसाला तिथं उभं करणं धोक्याचं, मालक ठेवणार नाहीत. म्हणून शुक्रवारी ती तुझी परीक्षा घेणार आहे. दिवसभरात कधीतरी भोंग्यावर बोलवतील. तू मोठ्यानं हो म्हणायचं आणि काचेच्या खोलीत यायचं. बस्स." ब्लियानं विचारलं, "नुसता हात वर केला तर?" पाकूनं विचारून सांगितलं, "वाफेत हात दिसत नाही म्हणे. आवाज पाहिजे." "आणि नाही दिला तर?" हे पाकूनं डोरीनला विचारलं नाही. ती आपल्या बुटांकडे पाहत म्हणाली, "तर सोमवारी यायचं नाही."

बसच्या खिडकीवर बर्फाची फुलं उमटली होती. पाकूनं नखानं त्यातल्या एका फुलाची गोगलगाय केली, जशी आपल्याकडे कशिद्यात काढतात तशी. "आई, ते यंत्र आहे. काचेच्या खोलीत एक मुलगी बसते, तिच्या तोंडावर पुटकुळ्या आहेत, ती बटण दाबून बोलते. मी पाहिलीये. भुताला पुटकुळ्या असतात का?" ब्लिया म्हणाली, "हळू बोल." "मी डोरीनला खरं कारण सांगून टाकते." "अजिबात नाही!" ती इतक्या झटकन बोलली की पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून पाहू लागला. ज्याला आपण भितो त्याच्या दारात उभं राहून भितो म्हणून सांगायचं नसतं, हे या पोरीला कसं सांगावं? पाकूला वाटत होतं की जगातली प्रत्येक गोष्ट सांगितली की सुटते. शाळेत तिला तसंच शिकवत असावेत. हात वर करायचा, नाव घेतलं की "आहे" म्हणायचं, आणि बक्षीस म्हणून तारा चिकटवून घ्यायचा. रोज सकाळी त्या वर्गात पाकू थाओ अशी हाक येते आणि ही पोर ओ देते, रोज, हसत! हे ब्लियाच्या आज पहिल्यांदाच ध्यानात आलं आणि तिनं पाकूचा हात इतका घट्ट धरला की पाकू "आई गं" म्हणाली.

तोंग खिडकीशी बसला होता, घरातही अंगात जाड कोट. छातीत काहीतरी भरून राहिलं होतं त्याच्या, छावणीतूनच बरोबर आलेलं. शाळा झाडायची नोकरी त्यानं थोडे दिवस केली, मग खोकल्यानं झाडू हातातून पडायला लागला. मदत देणाऱ्या कचेरीतल्या बाईनं सांगून टाकलं होतं की घरात एक जण कमावता झाला म्हणजे आता मदत थांबणार, आणि ती थांबलीही होती. त्यामुळे घराचं भाडं, तोंगची औषधं, पाकूचे बूट, सगळं ब्लियाच्या दोन हातांवर उभं होतं, चादरीची दोन टोकं धरणाऱ्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ओ दे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता हे? तुम्ही?" "इथं धुकं नाही." "वाफ आहे," ब्लिया म्हणाली. त्यानं पेटीतून जीव अंगात बांधून ठेवायचा पांढरा दोरा काढला, तिच्या मनगटाला गुंडाळला, गाठ मारताना पुटपुटला, हाडाला धरून रहा, घराला धरून रहा. तो भाताचं ताट पुढ्यात घेऊन बसला पण खाल्लं नाही. ब्लियानं ओळखलं, तोही त्याच धुक्यात जाऊन उभा राहिला आहे.

युद्धात गाव सोडून मेकाँगकडे पळतानाचे ते दिवस. पाठलाग करणारे सैनिक खालच्या वाटेवर, आणि वर कारवीसारख्या उंच गवतात ही सगळी माणसं, श्योंग, थाओ, मिसळून. पाकू पाठीवर मावायच्या पुढे गेली होती तरी ब्लियानं तिला पाठीवरच बांधलं होतं, आणि तोंगचा तळवा पाकूच्या तोंडावर. पहाटे धुकं असं उतरायचं की स्वतःचे गुडघे दिसायचे नाहीत. त्या धुक्यात खालून हाका यायच्या. कुणाकुणाची नावं घेऊन, गोड आवाजात, या रे, वाट मोकळी आहे. सैनिकांनी पकडलेल्यांना मारून मुटकून हाका मारायला लावलं असेल, असं तोंग म्हणायचा. म्हातारे म्हणायचे, ते नव्हेच, हे जुनंच आहे, हे डोंगराचं आहे. काही असो. कुणी ओ द्यायची नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून ती माणसं जिवंत राहिली. एक सोडून. छौ आत्या, ब्लियाच्या वडिलांची बहीण, जिनं ब्लियाला पहिली सुई हातात दिली, जी टाका चुकला की म्हणायची, "हे काय, कोंबडीनं उकरलंय का?" आत्याचा पेंग, एकुलता एक, नदीकडे पाणी बघायला गेला तो आलाच नव्हता. आणि त्या पहाटे धुक्यातून हाक आली: आई. नाव नाही, नुसतं आई. पेंगचाच आवाज, जरा घोगरा, नुकता फुटलेला. गवतातल्या सगळ्यांनी श्वास धरला. एका म्हाताऱ्यानं आत्याचा घागरा धरला. ब्लियानंही मान हलवली, नको, आत्या, नको. आत्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, डोक्याचं फडकं सारखं केलं, आणि मुलानं भुकेनं हाक मारल्यावर म्हणावं तसं साध्या आवाजात म्हणाली, ओ. आणि उठली, आणि चालायला लागली. धुकं तिच्यामागं दार लावल्यासारखं मिटलं. गोळी नाही, किंकाळी नाही, गवताची सळसळ थोडी, मग तीही नाही. इतकी वर्षं ब्लिया मनात म्हणत आली होती, भोळी बाई. फसली बिचारी.

शुक्रवार उजाडला तो असा गोठलेला की कारखान्याचं मागचं दार उघडलं की बाहेरची थंडी आणि आतली ऊब एकमेकींवर आदळून पांढरे लोट उठत होते, आणि ते लोट रुळांच्या वाफेत मिसळून दहा पावलांवरचं माणूस नुसती सावली होत होतं. ब्लियानं टोक धरलं, झटकलं, रुळाच्या तोंडात दिलं. टोक धरलं, झटकलं, दिलं. तिच्या आईकडे तागाचं कापड गुळगुळीत करायचा दगड होता, मोठा, आई त्यावर दोन पायांनी उभी राहून झुलायची, इकडून तिकडे, गाणं म्हणत, आणि खाली लाकडाच्या गोल ओंडक्यावर कापड चमकायला लागायचं. इथले रूळ त्याच कामाचे, पण यांच्यावर उभं राहून कुणी झुलत नाही. यांना पोट आहे, पाय नाहीत. भोंगा खरखरला. "ग्लोरिया," भोंगा म्हणाला, आणि मेक्सिकन बायकांतून एक ग्लोरिया "आलेऽऽ" म्हणत गेली आणि परतही आली, आहे तशी, च्युइंगम चघळत. ब्लियानं तिच्याकडे नीट पाहिलं. तीच होती का? चालणं तेच, हसणं तेच. पण कातडंसुद्धा तसंच चालतं म्हणे, पहिले काही दिवस. ब्लियाला स्वतःचीच लाज वाटली आणि भीतीही वाटतच राहिली. लाजेनं भीती जात असती तर किती बरं झालं असतं.

भोंगा पुन्हा खरखरला, गप्प झाला. पुन्हा खरखरला, पुरुषाचं नाव. प्रत्येक खरखरीबरोबर ब्लिया तोंड उघडून तयार राहायची, जीभ टाळूला लावून, आणि जीभ तिथंच चिकटायची. हो. एवढंच म्हणायचं. पाकूनं काल रात्री भांडी घासता घासता तिच्याकडून घोकून घेतलं होतं, "म्हण आई, येस. अजून मोठ्यानं. तू म्हणजे ना, मांजर पकडल्यासारखी म्हणतेस!" पाकूसमोर म्हणता येत होतं. पाकूला चेहरा होता. जेवणाची सुट्टी झाली. ब्लियानं डबा उघडला, मोहरीची भाजी थंड होऊन गोळा झाली होती, तशीच बंद केली. जाऊबाई म्हणाल्या, "खा गं. रिकाम्या पोटी जीव लवकर उडतो." मग जरा खाली आवाजात, "मी तुला कोपर मारीन, मग तू ओरड. माझ्या कोपराला ओ दे, भोंग्याला नको." ब्लियाला हे बरं वाटलं. मग आठवलं की जाऊबाई रुळाच्या त्या टोकाला आणि ती या टोकाला, मध्ये चादरीची लांबी. कोपर कसं पोचणार? जाऊबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या नुसता ठेचा चाटत राहिल्या.

दुपार सरली तरी हाक आली नाही. आणि हे जास्त वाईट होतं. येणारी गोष्ट आली नाही की ती मोठी होत जाते. ब्लियाला वाटायला लागलं की त्यांनी हाक मारली, आपल्यालाच ऐकू आली नाही. की आपण खरंच बहिऱ्या झालो. तिनं पाण्याच्या नळाचा आवाज ऐकून पाहिला, गाड्यांची चाकं ऐकून पाहिली. सगळं येत होतं, जास्तच येत होतं, चादरींच्या झटक्यात श्वास ऐकू येत होते, ज्यांनी या चादरींवर शेवटचे श्वास टाकले त्यांचे. मागचं दार कुणीतरी उघडलं. पांढरा लोट आत आला, आणि दिवे, रूळ, जाऊबाई, सगळं त्यात बुडालं. ब्लियाला स्वतःचे गुडघे दिसेनात. आणि नेमका तेव्हाच भोंगा खरखरला.

"आई."

ब्लिया नाही, श्योंग नाही. आपल्या भाषेत, स्पष्ट, वरून, सगळीकडून: "आई. ए आई. मी पाकू."

चादर हातातून गेली. ब्लियाला वाटलं आता आपण पडू, आणि पडलो तर रुळात. याच आवाजाची तर ती गोष्ट होती. धुक्यातलं ते कधी परक्याचा आवाज घेत नाही. पाकू तर शाळेतून मागच्या दाराशी येते, आत कधीच येत नाही, पाकू वर छताजवळ कशी असेल? पाकूचाच आवाज, तीच घाई, आईतला ई तसाच लांबवलेला. कुणीतरी तिचा घागरा धरला असता, मान हलवली असती, तर! पण इथं घागरा नव्हता, निळी विजार होती, आणि मान हलवायला कुणी नव्हतं. "आई, ऐकतेस का?" भोंगा म्हणाला, आणि आता त्या आवाजात किंचित कापरं होतं, घाबरलं की पाकूच्या आवाजात येतं तसं, जे त्या गवतात तोंगच्या तळव्याखाली होतं. आणि ब्लियाला एकदम कळलं, इतकं लख्ख कळलं की वाफेतही दिसावं: छौ आत्या फसली नव्हती. आत्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं तेवढंच तिलाही माहीत होतं, की तो पेंग नसणार. पण समजा असला? शंभरातून एकदा, हजारातून एकदा, तो असला, आणि त्यानं आई म्हटलं, आणि आई गवतात गप्प बसली तर? आत्यानं फडकं सारखं केलं होतं. फसणारी बाई फडकं सारखं करत नाही.

"ओऽऽ!" ब्लिया ओरडली. इतक्या मोठ्यानं की तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. शिकवलेलं येस कुठल्या कुठे गेलं. "ओऽ, आले गं, आले!" आणि ती वाफेत शिरली. पाऊल पुढं टाकलं की जमीन असेल की नाही याची खात्री नव्हती. गाडीला गुडघा आपटला. कुणाचा तरी ओला खांदा लागला. ती दोरा बांधलेलं मनगट छातीशी धरून चालत राहिली, आणि मनात म्हणत होती, आत्या, अशीच ना? अशीच चालली होतीस ना तू?

वाफ संपली तिथं काच होती. काचेमागं पुटकुळ्यांची मुलगी, तिच्या शेजारी डोरीन दोन्ही हातांनी टाळ्या पिटत, आणि मध्ये लाल टोपी. पाकू, बोलायचं यंत्र हातात धरून, हसत, डोळे भरलेले. ब्लिया आत गेली ती थेट तिच्यापाशी, आणि तिनं आधी पाकूचा कान धरून पाहिला. थंडगार होता, बाहेरच्या थंडीतून नुकताच आलेला. मग टोपी काढून टाळूचा वास घेतला. मग पाय पाहिले. बुटांखाली बर्फाचं पाणी साचलं होतं. भुताच्या बुटाखाली पाणी साचत नसावं. "आई, लोक बघतायत," पाकू म्हणाली, पण हलली नाही. डोरीन काहीतरी भराभरा बोलली. पाकूनं सांगितलं, "ती म्हणते, तिला वाटलं आपण तुझं नाव चुकीचं म्हणतो, म्हणून तुला कळत नाही. म्हणून माझी वाट पाहिली तिनं, दिवसभर. मला म्हणाली, तूच नीट म्हणून बोलव. पास झालीस तू! इमारतीबाहेर ऐकू गेलीस म्हणे." ब्लियानं विचारलं, "मग नाव का नाही घेतलंस?" पाकू गोंधळली. "घेणार होते. बटण दाबलं, आणि... तुझं नाव मला घेताच येईना. कधी घेतलंय मी? जीभच वळेना."

बसमध्ये ब्लिया पाकूला चिकटून बसली. नोकरी राहिली होती, सोमवार होता, त्याच्या पुढचा सोमवारही असणार होता. पण ओ देऊन झाली होती, आणि दिलेली ओ परत घेता येत नाही. आता तिचा आवाज ठाऊक झाला होता, ज्याला कुणाला व्हायचा त्याला. ती सारखी मागं वळून बघत होती. मागं नुसते बाक होते, आणि काचेवर तशीच बर्फाची फुलं. तोंगनं दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला, तिनं पाकूचा पाहिला तसा. मग म्हणाला, "आहेस." ती म्हणाली, "बघा बाई नीट." त्यानं अंडं उकडलं, दार उघडं टाकलं, बर्फ आत येऊ दिलं आणि उंबऱ्यात उभं राहून तिच्या जिवाला बोलवलं, ये, परत ये, भात इथं आहे, विस्तव इथं आहे. तेव्हा त्यानं तिचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंधारात, बाहेरच्या न दिसणाऱ्या कुणाला तरी उद्देशून, तो ब्लिया म्हणाला, आणि ब्लिया आतल्या खोलीत बसून शहारली.

सोमवारी जाऊबाई फॉर्मात होत्या. "काय गं, भोंगा फोडलास म्हणे! मला ठेवायचा होतास की थोडा." चादर धरली, झटकली, दिली. भोंगा खरखरला, आणि ब्लियाची मान आपोआप वर गेली, जीभ टाळूला लागली. पण नाव तिचं नव्हतं. इया मुआ, असं काहीतरी होतं ते, आपल्याकडचंच नाव, बाईचं, पण अशी कुणी बाई तिथं कामाला आहे हे ब्लियाला ठाऊक नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मेक्सिकन बायकाही पाहत होत्या. इया मुआ, भोंगा पुन्हा म्हणाला. तेव्हा चादर ताणेना म्हणून ब्लियानं रुळाच्या त्या टोकाकडे पाहिलं. जाऊबाई उभ्या होत्या. हातात टोक तसंच, तोंड अर्धं उघडं, चेहरा धुतलेल्या कापडासारखा. डोळे छताजवळच्या डब्यावर खिळलेले. ब्लिया त्यांच्या समोर इतके दिवस उभी होती, त्यांचा ठेचा खाल्ला होता, त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्यांना स्वतःचं एक नाव आहे हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

डोरीन वाफेतून येताना दिसली, हात टाळीसाठी उचललेले. ब्लियानं चादर सोडली. ती चादर एकटीच तिरकी होऊन रुळात जाऊ लागली. ब्लिया चादरीखालून वाकून पलीकडे निघाली, डोरीनच्या आधी पोचली, आणि जाऊबाईंच्या अगदी समोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ उभी राहिली. जाऊबाईंना डबा दिसू नये, वाफ दिसू नये, नुसता एक चेहरा दिसावा, ओळखीचा, घामेजलेला. आणि मोठ्या जावेचं नाव धाकटीनं घ्यायचं नसतं, तरी तिनं ते घेतलं. "इया," ती म्हणाली. "इया मुआ. मी बोलवतेय."

जाऊबाईंचे ओठ हलले. "ओ," त्या म्हणाल्या, शेतावरून बोलवलेल्या लहान पोरीसारख्या. मग दोघी काचेच्या खोलीकडे निघाल्या, आणि वाफेतून जाताना दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरून ठेवला. कुणी सांगावं, वाफेत आणखी कोण बोलवेल?